कापसाचा खटला आणि वेचणारीचा काटा

गेल्या हंगामातली गोष्ट. अर्थशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, अमेरिकेचे सरकार तिथल्या कापूसवाल्याला पैसे देते, म्हणून जगाच्या बाजारात भाव पडतो आणि त्याचा मार आपल्याला बसतो, असे तुम्ही शिकवता. मग अमेरिकेवर कोणी केस का करत नाही?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. हा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आईसोबत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जातो, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "केस झाली. अमेरिका हरलीसुद्धा. पण त्या खटल्यात तू नव्हतास आणि तुझी आईही नव्हती." तेवढ्यात तास संपला आणि उत्तर अर्धे राहिले. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

मी राळेगावचा. यवतमाळ जिल्ह्यातला हा कापसाचा तालुका. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे हिंगणघाटची बाजारपेठ. आमच्या घराला जमीन नव्हती. माझ्या मायने उभे आयुष्य लोकांची पऱ्हाटी वेचली. कमरेला ओटी, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटे, आणि संध्याकाळी मालकाच्या काट्यावर होणारा दिवसाचा हिशेब. जितके किलो तितके पैसे. त्या पैशांवर मी शिकलो. आमच्या घरात पदवीचा कागद आला तो पहिल्यांदा माझ्या नावाने. त्यामुळे कापसाचा भाव हा माझ्या लेखी निव्वळ पुस्तकातला विषय कधीच नव्हता.

आपले कार्यकर्ते जमीन, आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती या प्रश्नांवर अधिकाराने बोलतात. जागतिक व्यापाराचा विषय निघाला की मात्र तो 'मोठ्या लोकांचा' म्हणून बाजूला सारतात. ही सवय आपल्याला महागात पडली आहे. आपल्या मजुरीवर जिथे दूरवरून परिणाम होतो, तिथला कायदा आणि तिथली रीत आपण समजून घेतलीच पाहिजे.

१. हरणाऱ्याच्या संमतीपासून आपोआप निकालापर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली २३ देशांनी जकाती आणि व्यापार यांविषयी एक करार केला. त्याला 'गॅट' म्हणतात. भारत त्या मूळ २३ देशांत होता. या करारात एका देशाला दुसऱ्याविरुद्ध तक्रार करता येई, पंच बसत, अहवाल देत. परंतु तो अहवाल सर्व सदस्यांच्या संमतीनेच स्वीकारला जाई, आणि 'सर्व' या शब्दात हरलेला देशही आला. पाटलाच्या वाड्यावर बसलेल्या पंचायतीने पाटलाविरुद्ध निकाल द्यावा आणि पाटलाला पटला तरच तो लागू व्हावा, अशातला हा न्याय होता.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिचे ठाणे जिनिव्हाला. तिने हा नियम उलटा केला. आता निकाल नाकारायचा असेल तर सर्वांची संमती हवी, म्हणजे जिंकलेल्याचीसुद्धा. आपण जिंकलेला निकाल नको असे कोण म्हणेल? त्यामुळे निकाल जवळजवळ आपोआप स्वीकारला जाऊ लागला.

खटल्याच्या पायऱ्या अशा. प्रथम वाटाघाट. ६० दिवसांत तोडगा निघाला नाही तर तक्रारदार देश पंचमंडळ मागू शकतो. त्यात सामान्यतः तीन पंच असतात. ते दोन्ही बाजूंचे लेखी म्हणणे घेतात, सुनावणी करतात आणि अहवाल देतात. त्यावर कायद्याच्या मुद्द्यांपुरते अपील करता येते. त्यासाठी सात जणांचे अपील मंडळ ठरलेले आहे आणि त्यांतले तिघे एकेक अपील ऐकतात. हरलेल्या देशाला आपले धोरण सुधारण्यासाठी वाजवी मुदत मिळते. त्याने सुधारणा केली की नुसती रंगरंगोटी केली यावर पुन्हा वाद होऊ शकतो, पुन्हा पंच बसू शकतात.

आणि इतके होऊनही त्याने ऐकले नाही तर? या न्यायालयाजवळ पोलीस नाही, तुरुंग नाही. झालेल्या नुकसानीची भरपाईही ते सहसा देत नाही. ते एवढेच करते की, जिंकलेल्या देशाला हरलेल्याच्या मालावर ठरावीक रकमेपर्यंत जादा जकात बसवण्याची परवानगी देते. म्हणजे निकालाची अंमलबजावणी शेवटी जिंकणाऱ्याच्या मनगटात. मोठी बाजारपेठ असलेल्या देशाला हे हत्यार पेलते. आफ्रिकेतल्या बेनिनसारख्या लहान देशाने अमेरिकन माल महाग केला तर अमेरिकेला पत्ताही लागणार नाही. चिमटा बसेल तो बेनिनच्याच गिऱ्हाइकाला.

भारत या न्यायालयात दोन्ही बाजूंनी उभा राहिला आहे. लोकरी शर्ट आणि ब्लाउज यांच्या आयातीवर अमेरिकेने घातलेल्या बंधनाविरुद्ध १९९७ साली आपण जिंकलो. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्याविरुद्ध तक्रार केली की, परकीय चलनाची टंचाई सांगून भारत शेकडो वस्तूंची आयात रोखून धरतो. पंचमंडळाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला विचारले. भारताची गंगाजळी पुरेशी आहे असे निधीने कळवले. १९९९ साली आपण अपिलातही हरलो आणि १ एप्रिल २००१ पर्यंत उरलीसुरली बंधने उठली. खेड्याच्या बाजारात कोणता माल यावा हे जिनिव्हात ठरू शकते, याचा तो पहिला मोठा धडा होता.

२. ब्राझील विरुद्ध अमेरिका

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध कापसाचा खटला दाखल केला. अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे २५ हजार. भाव पडला की फरक सरकार भरून देई. अमेरिकन कापूस वापरणाऱ्या गिरणीला आणि निर्यात करणाऱ्याला वेगळे पैसे मिळत. निर्यातीच्या कर्जाला सरकार हमी देई. परिणाम असा की, जगात भाव कोसळला तरी तिथला पेरा आटोक्यात येत नसे. जादा कापूस बाजारात येऊन भाव आणखी दबत असे. ब्राझीलचे म्हणणे होते की, हा आमच्या कापूस उत्पादकांवर अन्याय आहे आणि अमेरिकेने सही केलेल्या कराराचाही भंग आहे.

सप्टेंबर २००४ मध्ये पंचमंडळाने मुख्य मुद्द्यांवर ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००५ मध्ये अपिलात तो कायम झाला. गिरण्यांना आणि निर्यातदारांना दिले जाणारे पैसे अमेरिकेने २००६ मध्ये बंद केले, बाकीचे बरेचसे तसेच ठेवले. ब्राझील पुन्हा गेला आणि २००८ साली पुन्हा जिंकला. ऑगस्ट २००९ मध्ये लवादाने प्रत्युपायांची परवानगी दिली. त्यात एक विशेष गोष्ट होती. प्रत्युपाय ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर नुसती जकात न वाढवता अमेरिकन पेटंट आणि कॉपीराइट यांवरही हात टाकण्याची मुभा ब्राझीलला मिळाली. कापसाच्या भांडणात औषधाच्या आणि सिनेमाच्या कंपन्या सापडल्या. मार्च २०१० मध्ये ब्राझीलने १०२ अमेरिकन वस्तूंची यादी जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका तडजोडीला आली.

तडजोड कोणती? अमेरिकेने अनुदान तिथल्या तिथे थांबवले नाही. ते चालू ठेवण्याची किंमत म्हणून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीत वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर भरण्याचे तिने कबूल केले. २०१३ मध्ये हप्ते थांबले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन अखेरचा समझोता झाला आणि ब्राझीलने खटला मागे घेतला. बारा वर्षे चाललेल्या लढाईचा शेवट असा झाला. जिंकणाऱ्याने हार मानली नाही हे खरे. पण न्यायाची परिणती सौद्यात झाली, हेही खरे.

या खटल्यात भारत होता का? होता, 'तिसरा पक्ष' म्हणून. पाकिस्तान, चीन, बेनिन आणि चाड हेही तसेच होते. तिसऱ्या पक्षाला आपले म्हणणे मांडता येते. निकालातून त्याच्या हाती काही पडत नाही. बेनिन, चाड, माली आणि बुर्किना फासो या चार गरीब देशांनी २००३ साली वेगळी मागणी केली की, कापसाची अनुदाने संपवा आणि तोवर आम्हाला भरपाई द्या. त्यावर बैठका झाल्या, ठराव झाले. ब्राझीलसारखा धनादेश त्यांच्या हाती कोणी ठेवला नाही.

हे सारे मी एकदा घरी मायला सांगत होतो. ती ऐकत होती आणि तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "अन् तिथल्या वेचनाऱ्या बायायले काय भेटलं?"

मी म्हणालो, "माय, तिकडे मशीन वेचते."

"मंग वेचनाऱ्या बाया कोनाकडं हायेत?"

या प्रश्नाने मी थांबलो. अमेरिकेतला कापूस यंत्राने वेचला जातो. ब्राझीलचाही मुख्य कापूस मोठ्या शेतांतला, यंत्राने वेचलेला. जिथे तो माणसाच्या बोटांनी वेचला जात होता ते देश, म्हणजे भारत, पाकिस्तान, बेनिन, चाड, सगळे तिसऱ्या पक्षाच्या बाकावर बसलेले! वादी आणि प्रतिवादी यांच्यापैकी कोणाच्याही बाजूला ओटी बांधलेली बाई जवळजवळ नव्हतीच. शिकलेल्या माझ्या ध्यानात जे आले नव्हते ते न शिकलेल्या मायने एका प्रश्नात दाखवले.

३. हमीभाव आरोपीच्या पिंजऱ्यात

दुसरा वाद आपल्या अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने व्यापार संघटनेच्या कृषी समितीत भारताच्या कापूस-हमीभावावर आक्षेप नोंदवला. भारत आपले अनुदान मर्यादेत आहे असे सांगतो, प्रत्यक्षात ते कित्येक पट जास्त आहे, असे तिचे म्हणणे. हा खटला नव्हता. खटल्याआधी घेतात तशी हरकत होती. पण ती कशाच्या आधारावर घेतली, हे प्रत्येक शेतकरी कार्यकर्त्याने समजून घ्यावे.

कृषी करारात हमीभावातले अनुदान मोजण्याचे सूत्र दिले आहे. आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६ ते १९८८ या वर्षांतला जागतिक भाव वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला पिकाने गुणायचे. कोणत्या पिकाने? कोरियाच्या गोमांसाच्या खटल्यात २००० साली ठरले की, सरकारने प्रत्यक्ष विकत घेतलेल्या मालाने नाही, विकत घेण्यास पात्र असलेल्या सगळ्या मालाने. विकसनशील देशाला पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्के एवढी सूट आहे.

कल्पित आकडे घेऊन बघू. समजा, जुना भाव किलोला २० रुपये होता आणि आजचा हमीभाव ८० आहे. पीक १०० किलो. बाजारातही ८० रुपयेच मिळतात, म्हणून सरकारला फार तर दहा किलो घ्यावे लागले. शेतकऱ्याला बाजारापेक्षा एक पैसाही जादा मिळाला नाही. पण सूत्र म्हणते, ६० गुणिले १००, म्हणजे ६,००० रुपये अनुदान. पीक आहे ८,००० रुपयांचे. अनुदान झाले शेकडा ७५! मर्यादा दहाची. गुन्हा सिद्ध. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने आजचा माणूस मोजण्याचा हा प्रकार आहे.

आणखी एक मेख आहे. हा जुना भाव रुपयात धरायचा की डॉलरमध्ये? भारत डॉलरमध्ये धरतो. अमेरिकेने रुपयात धरला. त्या वर्षांत डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता. त्या वेळचा भाव रुपयात गोठवला की तो आज कवडीमोल दिसतो आणि अनुदान डोंगराएवढे. नाणे बदलले की आरोपी बदलतो.

याच सूत्राने डिसेंबर २०२१ मध्ये आपण साखरेचा खटला हरलो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी तो २०१९ मध्ये केला होता. उसाचा किमान दर सरकार देत नाही, कारखाने देतात, हा आपला बचाव पंचमंडळाने मानला नाही. त्यावर भारताने अपील केले. पण अपील कुणापुढे? अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळात गणसंख्याच उरली नव्हती आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शेवटचा सदस्यही निवृत्त झाला होता. न्यायाधीश नसलेल्या न्यायालयात अपील टाकले की निकाल लटकत राहतो. पूर्वी गॅटमध्ये हरणारा निकाल अडवी. आता तो रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवतो. या वेळी त्या रिकामेपणाचा फायदा आपल्याला झाला म्हणून खूश होण्याचे कारण नाही. उद्या आपण जिंकलो तर समोरचाही हेच करील.

४. देश म्हणजे कोण?

इथवर मी 'भारत', 'अमेरिका', 'ब्राझील' असे शब्द वापरले. या न्यायालयात सरकारांखेरीज कोणाला पक्षकार होता येत नाही, म्हणून ते वापरावेच लागतात. पण हे शब्द फसवे आहेत. 'भारताचा फायदा' म्हटले की तो राळेगावच्या गांधी टोपीवाल्या बागायतदाराचा, जिनिंगवाल्याचा, कापड गिरणीचा आणि माझ्या मायचा सारखाच असतो, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक बाबासाहेबांनी १९२३ सालीच फोडले होते. रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात त्यांनी त्या काळच्या एका लाडक्या समजाची चिकित्सा केली. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि म्हणून देशाचा फायदा होतो, हा तो समज. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? भाव चढतात, मजुरी मागे राहते. निर्यातदाराच्या हाती जे जादा पडते ते बऱ्याच अंशी मजुराच्या ताटातून काढलेले असते. तो राष्ट्राचा लाभ नसून एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला लाभ आहे. हिल्टन-यंग आयोगापुढे १९२५ साली साक्ष देतानाही रुपयाच्या दराकडे त्यांनी याच नजरेने पाहिले. आपण बाबासाहेबांचे हे अर्थशास्त्र फोटोला हार घालण्याइतके मानतो, वापरत मात्र नाही.

ते वापरून अलीकडची एक घटना बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली. कापड आणि तयार कपडे यांच्या निर्यातीला धक्का बसला. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याचा हा काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. शेतकरी संघटना ओरडल्या, ते योग्यच होते. गिरणीमालकाची बाजू वर्तमानपत्रांत आली, शेतकऱ्याची आली. वेचणाऱ्या बाईची बाजू मी शोधली. ती मला दिसली नाही. भाव पडला की मालक पहिली काटछाट वेचाईत करतो, हे मात्र प्रत्येक बाईला ठाऊक असते.

हमीभावाच्या हिशेबात मजुरी असते का? असते, खर्चाच्या रकान्यात. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी. त्या खर्चाच्या दीडपट भाव, असे धोरण २०१८-१९ पासून आहे. म्हणजे तिच्या मजुरीच्या रुपयावर शेतमालकाला दीड रुपयाचा हक्क मिळतो आणि तिला स्वतःला तो रुपया पुरता मिळेल याची हमी कोणी देत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले; यवतमाळ त्यात होते. आत्महत्येनंतरची सरकारी मदत मिळण्यासाठी घरात सातबारा लागतो. ज्यांच्या नावे सातबारा नाही त्यांचे मरणही हिशेबाबाहेर. गावात जो हिशेबाबाहेर आहे तो जिनिव्हात हिशेबात येईलच कसा?

कोणी म्हणेल, तुम्ही शेतकरी आणि मजूर यांच्यात भांडण लावता. मुळीच नाही. आपल्यातही दोन-तीन एकर कोरडवाहूवाले आहेत, आणि हमीभाव टिकलाच पाहिजे. १९८६ च्या भावाने आमचा हमीभाव मोजू नका, हे सरकारने जिनिव्हात ठणकावून सांगावे. आपण पाठीशी राहू. पण जो भाव वाचेल त्यात वेचणारीचा वाटा कायद्याने ठरला पाहिजे, एवढेच मागणे आहे.

५. दार किलकिले आहे

या न्यायालयात सामान्य माणसाला अगदीच दार नाही असे नाही. कोळंबी आणि समुद्री कासवे यांच्या खटल्यात १९९८ साली अपील मंडळाने म्हटले की, संस्थांनी पाठवलेली निवेदने पंचमंडळाला योग्य वाटल्यास विचारात घेता येतील. भारत त्यात अमेरिकेविरुद्ध तक्रारदार होता, आणि बाहेरच्यांची निवेदने नकोत असे म्हणणाऱ्यांत आपले सरकारही होते. त्याची भीती अगदी खोटी नव्हती. श्रीमंत देशांतल्या पैसेवाल्या संस्थाच तिथे गर्दी करतील, असे त्याला वाटत होते. पण त्या भीतीचे दुसरे टोक असे की, भारताचे म्हणणे म्हणजे दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयाचे म्हणणे, एवढाच अर्थ उरला.

म्हणून आपले काम दिल्लीपासून नव्हे, तालुक्यापासून सुरू होते. कापूस आणि ऊस यांविषयी भारत जिनिव्हात जे लेखी म्हणणे मांडतो ते विधानसभेत आणि मराठीत यावे, अशी मागणी आपण करू शकतो. आयात जकात उठवताना किंवा लावताना शेतमजुरांच्या संघटनांना विचारा, असे म्हणू शकतो. कॉलेजातले विद्यार्थी गावोगाव वेचाईचे दर दरवर्षी नोंदवून ठेवू शकतात. भाव चढला त्या वर्षी वेचाई किती चढली आणि पडला त्या वर्षी किती पडली, हे मांडायला पैसा लागत नाही, वही लागते. खटला कुठलाही असो, ज्याच्याजवळ नोंद नाही त्याचे नुकसान सिद्ध होत नाही. ब्राझील जिंकला तो आकडेमोड घेऊन गेला म्हणून.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो एक वही घेऊन आला. तिच्या पहिल्या पानावर त्याने आईच्या नावाने तीन रकाने पाडले होते : तारीख, किलो, पैसे. मी त्याला चौथा रकाना पाडायला सांगितला : त्या दिवशीचा बाजारभाव.